अमेरिकेचे जांभळे फूल आणि आपल्या घरातला खोकला

मागच्या हिवाळ्यात एका वस्तीत घरभेटी करत होते. एका घरात मांडणीवर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, तपकिरी काचेची छोटी बाटली दिसली. घरातले काका खाटेवर बसून खोकत होते. मावशींना विचारले, "किती दिवस झाले?" त्या म्हणाल्या, "दीड महिना होत आला ताई. पण आता अमेरिकेचं औषध चालू केलंय. रक्त साफ करतं, ताकद वाढवतं म्हणे. पुतण्यानं आणून दिलं." बाटलीवरचे नाव वाचले: एकिनेशिया. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस थेंब पाण्यातून चालले होते.

काकांचे वजन उतरले होते. संध्याकाळी अंग गरम व्हायचे. आशाताईंना बोलावून दुसऱ्याच दिवशी बेडका तपासायला पाठवला. टी.बी. निघाला. सहा महिने गोळ्या घेऊन काका आज बरे आहेत, कामालाही जातात. पण त्या दीड महिन्यात चार वर्षांची नात रोज त्यांच्याच कुशीत झोपत होती. तिला टी.बी. होऊ नये म्हणून तिलाही काही महिने औषध द्यावे लागले.

त्या बाटलीने काकांना टी.बी. झाला नाही, हे खरे. तिने फक्त दिवस घालवले. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर या एकाच वनस्पतीविषयी सविस्तर लिहिते आहे. करोनाच्या साथीनंतर "इम्युनिटी बूस्टर" हा शब्द आपल्या घराघरात पोचला. त्या नावाखाली जे विकले जाते त्यात एकिनेशिया बरेचदा असते. कधी होमिओपॅथीच्या दुकानातली थेंबांची बाटली, कधी मोबाईलवरून मागवलेल्या कॅप्सूल, कधी चहाच्या पुड्या. ही वनस्पती आहे तरी कोणती, तिच्यापासून काय होते आणि काय होत नाही, ते समजून घेऊ.

झाड कसे असते?

एकिनेशिया ही उत्तर अमेरिकेची वनस्पती. अमेरिकेच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या भागातली मोठमोठी गवताळ माळराने हे तिचे मूळ घर. साधारण कमरेपर्यंत वाढते. पाने खरखरीत, लवदार. उन्हाळ्यात एकेका दांड्यावर एकेक फूल येते. पाकळ्या जांभळट गुलाबी आणि खाली झुकलेल्या, मधोमध तांबूस-नारिंगी रंगाचे काटेरी बोंड. बोट लावले तर टोचते. ग्रीक भाषेत साळूसारख्या काटेरी प्राण्याला 'एकिनोस' म्हणतात, त्यावरून कोनराड मोंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ साली तिला हे नाव दिले.

आपल्याकडे ती रानात उगवत नाही. पण तिचे भाऊबंद आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सगळी एकाच कुळातली. आणि रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत माजणारे गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, तेही याच कुळातले. हे नाते लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

एकिनेशियाच्या नऊ-दहा जाती आहेत. औषधासाठी त्यांपैकी तीन वापरतात: पर्प्युरिया, अँगस्टिफोलिया आणि पॅलिडा. काही औषधे मुळापासून बनवतात, तर काही वरच्या पाल्या-फुलांच्या रसापासून. अँगस्टिफोलियाचे मूळ चावले की जीभ झिणझिणते आणि थोडी बधिर होते. आपल्याकडचा अक्कलकारा चावल्यावर होते तसेच. अक्कलकाराही याच कुळातला, आणि दोघांत जीभ झिणझिणवणारी अल्कामाइड नावाची द्रव्ये असतात. दातदुखीवर दोन्ही मुळ्या का वापरल्या गेल्या, ते यावरून कळते.

हे ज्ञान मुळात कुणाचे?

गोरे लोक अमेरिकेत येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या माळरानावरच्या मूळ रहिवाशांना ही मुळी ठाऊक होती. लकोटा, ओमाहा, पॉनी, शायेन अशा अनेक जमाती ती वापरत. दात दुखला की मुळीचा तुकडा दाताखाली धरायचा, घसा दुखला की चघळायची, भाजले किंवा काही चावले तर रस लावायचा. मेल्विन गिलमोर या अभ्यासकाने मिसुरी नदीच्या खोऱ्यातल्या जमातींकडून ही माहिती गोळा केली आणि १९१९ साली ती प्रसिद्ध झाली. ओमाहा लोकांच्या भाषेत या झाडाचे नाव 'कंगव्याचे झाड' अशा अर्थाचे आहे, कारण वाळलेल्या काटेरी बोंडाने ते केस विंचरत.

एक गोष्ट इथे नीट पाहा. त्या लोकांनी ही मुळी ठरावीक दुखण्यांसाठी, ठरावीक पद्धतीने वापरली. महिनोन्‌महिने रोज थेंब घेऊन "ताकद वाढवायची", हा प्रकार त्या नोंदींत दिसत नाही. तो नंतर बाजाराने जोडला.

बाजारात कशी आली?

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या पॉनी सिटी या गावी एच. सी. एफ. मायर नावाचा औषधविक्रेता होता. त्याने या मुळीचे एक औषध 'रक्त शुद्ध करणारे' म्हणून विकायला काढले. ही मुळी त्याला तिथल्या मूळ रहिवाशांकडून कळली, असे सांगितले जाते. ताप, फोड, जखमा, सर्पदंश, जवळजवळ सगळ्यावर आपले औषध चालते, असा त्याचा दावा होता. सिनसिनाटी शहरातले डॉक्टर जॉन किंग आणि औषधनिर्माते जॉन युरी लॉइड यांच्याकडे त्याने नमुना पाठवला. त्यांना पटावे म्हणून, तुमच्यासमोर विषारी सापाकडून स्वतःला चाववून घेतो आणि याच औषधाने बरा होऊन दाखवतो, असेही त्याने कळवले. त्यांनी ते नाकारले. पण पुढे किंग यांनी १८८७ साली या औषधाविषयी लिहिले, लॉइड यांच्या कंपनीने ते बनवायला घेतले आणि ते जोरात खपू लागले.

शंका घेणारेही होते. १९०९ साली अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या औषध समितीने, पुरेसा विश्वासार्ह पुरावा नाही म्हणून, एकिनेशियाला मान्यता द्यायला नकार दिला. तरी १९१६ ते १९५० या काळात तिथल्या 'नॅशनल फॉर्म्युलरी' या औषधसूचीत तिची नोंद होती. मग १९३० च्या दशकात सल्फाची औषधे आली, १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले. ज्या जखमांनी आणि तापाने माणसे मरत होती, ती या औषधांनी वाचू लागली. एकिनेशिया अमेरिकेत मागे पडली.

युरोपात मात्र ती टिकली, आणि तिथे एक गमतीची गोष्ट घडली. १९३० च्या दशकात जर्मनीतले डॉक्टर गेरहार्ड मडाउस यांना अमेरिकेतून अँगस्टिफोलियाचे बी हवे होते. पेरल्यावर निघाली पर्प्युरिया. त्यांनी तिच्याच ताज्या पाल्याच्या रसाचे औषध बनवले. म्हणजे अमेरिकेत नाव झाले एका जातीच्या मुळीचे, आणि जर्मनीत औषध बनले दुसऱ्या जातीच्या पाल्याचे. बाटलीवर नाव तेच, एकिनेशिया.

बाटलीत नेमके काय असते?

हा घोळ आजही चालू आहे. २००३ साली अमेरिकेत एका अभ्यासात दुकानातून एकिनेशियाची ५९ उत्पादने विकत घेऊन तपासली गेली. त्यांतल्या ६ मध्ये मोजता येईल इतकीही एकिनेशिया नव्हती. लेबलवर लिहिलेली जात आणि आतली जात जुळली ती फक्त ३१ उत्पादनांत. पूर्वी तर पर्प्युरियाच्या मुळीत दुसऱ्याच एका झाडाची मुळे मिसळली जात. ते झाड म्हणजे आपल्या गाजर गवताचे अमेरिकेतले सख्खे भावंड, पार्थेनियम इंटेग्रिफोलियम.

आपल्याकडे होमिओपॅथीच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर 'क्यू' हे अक्षर असेल तर ते मदर टिंक्चर. म्हणजे वनस्पतीचा अर्क, आणि तो अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. लहान मुलांना, गरोदर बाईला, दारू सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला असे थेंब देताना हे ठाऊक असले पाहिजे.

३० किंवा २०० नंबरच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. ३० नंबर म्हणजे अर्काचा एक भाग घेऊन शंभरपट पातळ करायचा, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा शंभरपट, असे तीस वेळा. एवढे पातळ केल्यावर त्यात मूळ झाडाचा कणही उरत नाही. अशा गोळ्यांच्या डबीवर एकिनेशियाचे नाव असले, तरी तुम्ही एकिनेशिया घेत नसता.

सर्दीवर गुण येतो का?

"मी घेतले आणि चार दिवसांत बरी झाले," असे सांगणारे भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. पण सर्दीचा स्वभाव बघा. सर्दी दोनशेहून जास्त प्रकारच्या विषाणूंनी होते आणि बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. तिसऱ्या दिवशी नाक, घसा, डोके सगळेच जड होते. त्या दिवशी आपण औषध आणतो. पाचव्या-सहाव्या दिवशी बरे वाटू लागते आणि श्रेय बाटलीला जाते. बाटली आणली नसती तरी तेव्हाच बरे वाटले असते का, हे एका माणसाच्या अनुभवावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी दोन गट करावे लागतात. एका गटाला खरे औषध द्यायचे, दुसऱ्याला अगदी तसेच दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी. कुणाला काय मिळाले ते घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही नसते. शेवटी मोजायचे, कोण लवकर बरे झाले. एकिनेशियाच्या अशा चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत.

२००३ साली अमेरिकेत २ ते ११ वर्षांच्या ४०७ मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्प्युरियाच्या रसाने मुलांची सर्दी लवकर बरी झाली नाही, सौम्यही झाली नाही. उलट औषध घेतलेल्या मुलांत अंगावर पुरळ जास्त दिसले: शंभर आजारपणांमागे सुमारे ७, तर दुसऱ्या गटात सुमारे ३.

२००५ साली रोनाल्ड टर्नर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात स्वतःहून तयार झालेल्या ३९९ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला होता. अँगस्टिफोलियाच्या मुळीचे तीन प्रकारचे अर्क देऊन पाहिले. सर्दी होणे टळले नाही, झालेली सर्दी हलकीही झाली नाही.

२०१४ साली कॉक्रेन या संस्थेने तोपर्यंतच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ४,६३१ माणसे होती. झालेली सर्दी बरी करण्यात फायदा सिद्ध झाला नाही. सर्दी होऊ नये म्हणून आधीपासून घेतल्यास थोडा फायदा असू शकेल, असे दिसले, पण तोही लहान: दर दहा सर्दींमागे एखाद-दुसरी टळू शकेल, इतकाच. उत्पादने एकमेकांपासून इतकी वेगळी की एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

एवढ्यासाठी दर महिन्याला तीनशे-चारशे रुपये घालायचे का, हे ज्या त्या घराने ठरवावे. माझे मत विचाराल तर त्या पैशांची अंडी आणा.

टी.बी., न्यूमोनिया, डेंग्यू यांवर एकिनेशिया उपाय आहे असा पुरावा नाही. सर्पदंशाबद्दलही स्पष्ट सांगते, कारण जुन्या दाव्यांत तो आहे. साप चावला तर मुळी नाही, थेंब नाहीत, मांत्रिक नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. सर्पविषावरची लस हाच उपाय आहे.

'ताकद वाढवणारे' सगळ्यांना चालते का?

रोगप्रतिकारशक्ती म्हणजे पंख्याचे बटण नव्हे की फिरवले आणि वाढली. शरीरात अनेक प्रकारच्या पेशी आणि द्रव्ये मिळून ते काम करतात. काही आजारांत हीच यंत्रणा चुकून स्वतःच्या सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर हल्ला करते. तिथे तिला आणखी चेतवणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून पुढील लोकांनी एकिनेशिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये:

१. टी.बी.चे रुग्ण आणि एच.आय.व्ही.सह जगणारे. जर्मनीच्या औषधी वनस्पतींच्या सरकारी समितीनेच या दोन्ही आजारांत एकिनेशिया घेऊ नये असे नमूद केले होते. शिवाय टी.बी.च्या गोळ्या यकृताला जड असतात. त्यांच्या जोडीला काय काय पोटात जाते आहे, ते डॉक्टरांना ठाऊक असायलाच हवे.

२. संधिवातासारखे आजार, ज्यांत शरीर स्वतःवरच उलटते, आणि ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत ते. मूत्रपिंड बदललेले रुग्णही यातच आले.

३. बारा वर्षांखालची मुले. ब्रिटनच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१२ साली या वयाच्या मुलांना एकिनेशिया देऊ नये असा सल्ला दिला, मुख्यतः अ‍ॅलर्जीच्या भीतीने.

४. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता. त्यांच्यासाठी हे सुरक्षित आहे असे म्हणायला पुरेशी माहिती नाही.

५. ज्यांना गाजर गवत, झेंडू, शेवंती यांची अ‍ॅलर्जी आहे ते. मघाशी सांगितलेले नाते इथे कामी येते. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदले गेलेले गाजर गवत आज गावोगावी आहे. ते उपटणाऱ्या, शेतात आणि रस्त्यावर काम करणाऱ्या आपल्या कितीतरी बाया-माणसांच्या हाता-मानेवर खाज आणि चट्टे उठतात, कुणाला दमा लागतो. अशा माणसाला त्याच कुळातल्या एकिनेशियाने अंगावर पित्त उठणे, ओठ-डोळे सुजणे, धाप लागणे असा त्रास होऊ शकतो. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

ज्यांना यातले काहीच नाही, अशा धडधाकट मोठ्या माणसाने सर्दीत काही दिवस घेतले तर बहुधा मोठे नुकसान होत नाही. युरोपातल्या औषध समितीने त्यालाही दहा दिवसांची मर्यादा घातली आहे. महिनोन्‌महिने चालू ठेवायचे औषध हे नव्हे.

मग सर्दी-खोकल्यात घरी काय करावे?

साध्या सर्दीला विश्रांती, कोमट पाणी, पातळ गरम जेवण पुरते. घसा दुखत असेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. ताप किंवा अंगदुखी असेल तर वयाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यावे. एक वर्षावरच्या मुलाला खोकल्यात चमचाभर मध देता येतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. बाळाचे अंगावरचे दूध चालू ठेवावे. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. उकळत्या पाण्याचे पातेले समोर ठेवून मुलांना वाफ देऊ नका. लहानशा खोलीत ते कलंडून मुले भाजतात.

साध्या सर्दीवर अँटिबायोटिक लागत नाही. "एक इंजेक्शन द्या, कामावर जायचंय" असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.

खरी ताकद कशाने वाढते, तेही सांगते. मुलांच्या लसी वेळेवर पूर्ण करा. न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. डाळ, अंडी, शेंगदाणे, हिरव्या भाज्या ताटात आणा, आणि घरातल्या बाईच्या ताटातही ते शेवटपर्यंत उरले पाहिजे. चुलीचा धूर, बिडी, मिश्री सोडा. दार-खिडकी दिवसातून काही वेळ उघडी ठेवा.

कधी थांबायचे नाही?

हा भाग कापून भिंतीला लावला तरी चालेल.

• मोठ्या माणसाला किंवा मुलाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम, बेडक्यातून रक्त: यांपैकी काहीही असेल तर टी.बी.ची तपासणी करा. मुलाचे वजन वाढत नसेल, तर तेही सांगा.

• लहान मुलाचा श्वास जोरात चालत असेल तर ते शांत असताना पोट-छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त: असे असेल तर न्यूमोनियाची शंका घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

• श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, बाळ दूध न पिणे, झटके येणे, मूल सुस्त पडणे: रात्र असली तरी निघा.

टी.बी.ची तपासणी आणि सगळी औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. साधा टी.बी. सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून रुग्णाच्या बँक खात्यात मदत जमा होते. आधी महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. ती मिळत नसेल तर दवाखान्यात विचारा, तो रुग्णाचा हक्क आहे. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे. एकाला टी.बी. निघाला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. लाजण्याचे किंवा लपवण्याचे त्यात काही नाही.

बाटली हातात घेताना

कुणी "अमेरिकेचे", "जर्मनीचे", "आयुर्वेदिक", "नैसर्गिक" म्हणून काही आणून दिले, तर चार प्रश्न विचारा. यात नेमकी कोणती वनस्पती आणि तिचा कोणता भाग आहे? कोणत्या आजारावर आणि किती दिवस घ्यायचे? कुणी घ्यायचे नाही? आणि एवढ्या दिवसांत बरे वाटले नाही, तर पुढे कुठे जायचे? विकणाऱ्याला चौथ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर ती बाटली घरात आणू नका. "कोणताही आजार" बरा करतो असे सांगणाऱ्यापासून तर दूरच राहा.

एकिनेशियाच्या फुलाशी आपले भांडण नाही. तिच्या माळरानावर फुलपाखरे तिच्यावर मध प्यायला येतात, फुले वाळली की पाखरे बी टिपतात. १९९० च्या दशकात औषधाची मागणी इतकी वाढली की मोंटाना, नॉर्थ डाकोटा, कॅन्सस अशा भागांत लोकांनी रानातली मुळे खणून नेली आणि कित्येक ठिकाणी झाडे दिसेनाशी झाली. ज्या लोकांनी ती मुळी जगाला दाखवली, त्यांच्याच जमिनीवरून ती उपटली गेली.

त्या घरातल्या मावशी परवा भेटल्या. मांडणीवरच्या बाटलीचे काय झाले, म्हणून विचारले. म्हणाल्या, "धुऊन तेल भरून ठेवलंय, नातीच्या डोक्याला लावायला." आणि मग स्वतःच सांगितले, "शेजारच्या वैनींच्या पोराला तीन आठवडे खोकला होता. मीच घेऊन गेले तपासायला."

आपल्या शेजारी कुणी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकत असेल, तर या आठवड्यात त्यांच्या दारात जा. बेडका तपासायची डबी आशाताईंकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळते.